पडत्या दगडाची वेळ

हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो, दोन सेकंदांत १९.६ मीटर आणि तीन सेकंदांत ४४ मीटर. वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट होते. हा नियम आज शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत मावतो, पण तो सतराव्या शतकापर्यंत कुणाला पक्का सांगता आला नव्हता. वस्तू तर माणूस अस्तित्वात आल्यापासून त्याच्या डोळ्यांसमोर पडत होत्या. अडचण डोळ्याचीच होती. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर असते. डोळ्याला ती कुठे आहे हे कळते, कोणत्या दिशेने चालली आहे हे कळते, वेगाचा अंदाजही येतो. वेगात क्षणाक्षणाला होणारी वाढ मात्र त्याला फार ढोबळ कळते. पडण्याची वेळ जाणून घेण्याचा इतिहास हा मुख्यतः डोळ्याला कानाची, वाणीची आणि यंत्राची जोड कशी मिळत गेली याचा इतिहास आहे. त्यातला एक महत्त्वाचा धागा विदर्भातून आणि मुंबईतून जातो.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या एका डोंगरावर आंबागड उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, इसवी सन १७०० च्या सुमारास, त्याचा सरदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचे साचलेले विषारी पाणी कैद्यांना प्यायला लावत आणि त्यातच त्यांचा अंत होई, अशी हकिकत या गडाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अशा डोंगरी किल्ल्यावर पडण्याशी माणसाची गाठ तीन प्रकारे पडत असे: विहिरीत टाकलेला दगड, तटावरून शत्रूवर लोटलेला धोंडा आणि तोफेतून सुटलेला गोळा. तिन्हींना गुरुत्वाचा नियम एकच, पण माणसाला तिन्हींची वेळ निरनिराळी भासते.

तटावरून सुटलेला धोंडा वर उभ्या असलेल्या माणसाला झपाट्याने दिसेनासा होतो. तोच धोंडा दूरच्या शेतातून पाहणाऱ्याला रेंगाळत उतरल्यासारखा वाटतो. पंचेचाळीस मीटरचा सरळ कडा पार करायला त्याला तीनच सेकंद लागतात; पण एवढे अंतर लांबून बोटाच्या पेरात मावते, आणि पेरभर सरकायला तीन सेकंद म्हणजे पाहणाऱ्याला फार झाले. दूरचा धबधबा संथ वाटतो तोही याच कारणाने. अंतराचा अंदाज चुकला की वेळेचाही चुकतो. वेळ डोळ्यात थेट शिरत नाही. आकार, अंतर आणि वेग यांच्या हिशेबातून मन ती उभी करते.

विहिरीचे तसे नाही. दगड काठावरून सुटला की अंधारात नाहीसा होतो आणि मग फक्त पाण्याचा आवाज येतो. येथे काम कानाचे आणि मोजणीचे. मोजणीसाठी लागणारी लहान मापे भारतीय ज्योतिषात फार जुनी आहेत. दिवसरात्रीच्या साठ घटी, घटीची साठ पळे आणि पळाची साठ विपळे. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ सेकंदाच्या दोन पंचमांशाचे, म्हणजे ०.४ सेकंदाचे. सिद्धांतग्रंथांनी हे सर्वांत लहान माप वाणीला बांधले होते: एक गुरू अक्षर उच्चारायला लागणारा वेळ. अशी दहा अक्षरे म्हणजे एक असु, सहा असूंचे एक पळ. घटी मोजायला घटिकापात्र होते. बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाडगे पाण्यावर ठेवायचे. ते हळूहळू भरून बुडाले की घटी झाली. लग्नाचा मुहूर्त महाराष्ट्रात कित्येक पिढ्या याच पात्रावर साधला जात होता. हेही गुरुत्वाचेच घड्याळ, पण सेकंदाच्या तुकड्यांसाठी निरुपयोगी. तिथे अक्षरमोजणीच उरत होती.

ही मोजणी विहिरीला लावून पाहिली तर तिचे बळ आणि मर्यादा दोन्ही उघड होतात. पाच मीटरवर पाणी असेल तर दगड अडीच अक्षरांत पोहोचतो, वीस मीटरवर असेल तर पाच अक्षरांत. पण मोजणाऱ्याची चूक अर्ध्या अक्षराची, म्हणजे ०.२ सेकंदाची झाली, तर वीस मीटरची विहीर सोळा मीटरची तरी ठरते किंवा चोवीस मीटरची तरी. विहीर जितकी खोल, तितकी तीच चूक अधिक मीटर खाऊन टाकते. अक्षरे मोजून ‘उथळ’ आणि ‘खोल’ निश्चित सांगता येते. वर्गाचा नियम मात्र एवढ्यावर सहज सापडत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीला आकर्षणशक्ती असल्याचे सांगितले. जड वस्तू पृथ्वी आपल्याकडे ओढते आणि म्हणून ती पडते असे भासते, असा त्यांचा विचार. त्याच ग्रंथात कालमानाची कोष्टके आहेत आणि यंत्रांचे वर्णनही आहे. आकर्षणाची कल्पना आणि विपळाचे माप एकाच ग्रंथात शेजारी असूनही पडण्याची वेळ मोजण्याचा प्रश्न तिथे येत नाही. यात त्यांचे काही उणे नाही. त्यांचा प्रश्न गोल पृथ्वी निराधार कशी राहते हा होता, आणि त्याचे त्यांनी दिलेले उत्तर त्या काळात असामान्य होते.

वेळेचा प्रश्न इटलीत गॅलिलिओने हातात घेतला आणि प्रथम तोही चकला. १५९० च्या सुमाराच्या एका लेखनात त्याने नोंदवले की लाकडाचा आणि शिशाचा गोळा एकदम सोडले तर सुरुवातीला लाकूड पुढे जाते. हे निरीक्षण दीर्घकाळ विचित्र मानले गेले. विसाव्या शतकात इतिहासकार थॉमस सेटल याने ते करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. एका हातात जड आणि दुसऱ्या हातात हलका गोळा धरून दोन्ही एकाच क्षणी सोडायचा माणूस मनापासून प्रयत्न करतो, दोन्ही एकदमच सुटले असे त्याला वाटते, पण जड गोळा घट्ट धरलेला हात किंचित उशिरा उघडतो. गॅलिलिओने जे पाहिले ते खरेच घडले होते. चूक निसर्गात नव्हती, डोळ्यातही नव्हती. स्वतःच्या हाताची वेळ त्याला कळली नव्हती. या सगळ्या इतिहासात इतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

पुढे त्याने युक्ती बदलली. सरळ पडणे डोळ्याला झेपत नाही, तर ते मंद करायचे. गुळगुळीत पन्हाळीवरून पितळी गोळी घरंगळू द्यायची, मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी सोडायचे, आणि गोळी पोहोचेपर्यंत साठलेले पाणी तोलायचे. वेळेचे वजन करण्याची ही पद्धत त्याने १६३८ च्या ग्रंथात दिली. धार सुरू करताना हात जितका उशीर करतो, जवळजवळ तितकाच बंद करतानाही करतो. त्यामुळे माणसाचा दोष बराचसा स्वतःच कटतो. बोलोन्यात रिच्चोली आणि ग्रिमाल्डी या जेझुइट पाद्र्यांनी आणखी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना बसवून चोवीस तास लंबकाचे झोके मोजवले आणि झोक्याचे मान पक्के केले. मग आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडले आणि जलद लंबकाच्या तालावर मोजणी करत ते खाली पोहोचण्याची वेळ धरली. रिच्चोलीने १६५१ साली प्रसिद्ध केलेले आकडे गॅलिलिओच्या नियमाशी जुळले. ताल मनात बसला की कान सेकंदाचा सहावा भागही ओळखू शकतो. डोळा एकट्याने हे करू शकत नाही.

आंबागडाचे बांधकाम चालू असावे त्याच काळात न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध होऊन दहाबारा वर्षे झाली होती. १७०७ साली छापलेल्या त्याच्या बीजगणिताच्या पुस्तकात एक उदाहरण आहे: विहिरीत दगड सोडला, तळाशी आपटल्याचा आवाज इतक्या वेळाने आला, तर विहिरीची खोली काढा. त्यात पडण्याची वेळ आणि आवाज वर येण्याची वेळ असे दोन हिस्से वेगळे करावे लागतात. वीस मीटरवर आवाजाचा हिस्सा सेकंदाच्या सतराव्या भागाएवढा, म्हणजे माणसाच्या चुकीपुढे नगण्य. शंभर मीटरवर मात्र तो पाव सेकंदाच्या पुढे जातो. गडागडांवर जो खेळ मुले काठावर वाकून खेळत आली असतील, त्याला येथे समीकरणाचे रूप मिळाले.

यानंतरची शंभर वर्षे लंबकाची आहेत. लंबक म्हणजे पुन्हापुन्हा पडणारे वजन. एकदा पडण्याची वेळ मोजताना झालेली चूक हजार झोक्यांत वाटून टाकता येते, हे त्याचे मोठेपण.

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने आधाररेषा मोजून जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, त्यात काही वर्षे हेन्री केटर हा तरुण अधिकारी त्याच्या मदतीला होता. प्रकृती बिघडल्याने केटर इंग्लंडला परतला आणि १८१८ च्या सुमारास त्याने लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व मोजण्याची पद्धत इतकी नेमकी केली की पुढे शतकभर तीच चालली. लॅम्बटन दक्षिणेतून उत्तरेकडे सरकत राहिला. भोसल्यांचा पराभव होऊन नागपूरचा कारभार इंग्रज रेसिडेंटाच्या हाती गेलेला होता. सर्वेक्षणाचे ठाणे नागपूरला हलवण्याच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटनचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. पृथ्वीचा आकार मोजण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाची आठवण वर्धा जिल्ह्याबाहेर फारशी कुणाला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

केटरच्या पद्धतीतले मर्म माणसाच्या दृष्टीशी निगडित आहे. चांगल्या घड्याळाच्या लंबकावर एक पांढरी टिकली लावायची आणि त्याच्यासमोर प्रयोगाचा लंबक झुलवायचा. दोघांच्या गतीत अगदी थोडा फरक. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला टिकली समोरच्या लंबकाआड हळूहळू झाकली जाताना दिसते. एका क्षणी ती पूर्ण लपते, मग पुन्हा दिसू लागते. हा मेळ. एका मेळापासून दुसऱ्या मेळापर्यंत घड्याळाने समजा ५०० सेकंद दाखवले, तर तेवढ्यात दुसरा लंबक बरोबर दोन झोके मागे पडलेला असतो. मेळाचा क्षण टिपताना निरीक्षक अख्ख्या एका सेकंदाने चुकला तरी झोक्याच्या वेळेत चूक दहा लाखांत आठ भागांचीच येते. जलद हालचाल पाहून वेळ सांगण्याचे जे काम डोळ्याला जमत नाही, ते येथे त्याच्यावर टाकलेलेच नाही. ‘दिसते’ आणि ‘दिसत नाही’ एवढेच त्याने सांगायचे. निरीक्षकाला स्वतःच्या दोषासकट सामावून घेणारी ही मांडणी फार सुंदर आहे.

१८६५ पासून कॅप्टन जेम्स बसेवी याने रॉयल सोसायटीचे दोन पितळी लंबक घेऊन हिंदुस्थानात हे काम केले. लॅम्बटन आणि त्याच्यानंतर आलेला एव्हरेस्ट यांनी आखलेल्या महाकंसावर दक्षिणेपासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणी हवा काढून घेतलेल्या भांड्यात लंबक झुलवले गेले. मुंबईचे कोलाबाही या मोजमापाच्या ठिकाणांत होते. दिवसेंदिवस दुर्बिणीला डोळा लावून टिकली लपण्याची आणि उगवण्याची वाट पाहायची, असे ते काम. लडाखमधल्या उंच प्रदेशात थंडीवाऱ्यात काम करताना जुलै १८७१ मध्ये बसेवीचा मृत्यू झाला. हेविसाइड या अधिकाऱ्याने राहिलेले काम पुरे केले. निष्कर्ष अनपेक्षित होता: उंच पर्वतांत गुरुत्व हिशेबापेक्षा कमी भरले, समुद्रकाठी आणि बेटांवर जास्त. पर्वतांच्या मुळाशी हलका खडक असतो या विचाराला त्यातून बळ मिळाले.

निरीक्षकाच्या दोषाचा शोध मात्र आकाशाकडे पाहताना लागला. ग्रिनिचच्या वेधशाळेत तारा दुर्बिणीतल्या तारेवरून जाण्याचा क्षण घड्याळाच्या टकटकीवर कान ठेवून सांगत. १७९६ साली राजज्योतिषी मॅस्केलिनने किनेब्रुक या साहाय्यकाला कामावरून काढले, कारण त्याची वेळ मॅस्केलिनच्या वेळेपेक्षा ०.८ सेकंद उशिरा येत होती. बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने १८२० नंतर दाखवून दिले की हा आळस नसून स्वभाव आहे. दोन कसलेल्या निरीक्षकांतही सेकंदाहून अधिक फरक पडू शकतो, आणि तो फरक बराचसा स्थिर असतो. डोळ्याने पाहिलेले आणि कानाने ऐकलेले एकाच क्षणी मनात उतरत नाही. किनेब्रुकवर झालेला अन्याय भरून निघाला नाही, पण त्यातून मनाच्या वेळेचे प्रायोगिक शास्त्र जन्माला आले. १८७० च्या दशकात हिंदुस्थानात तारायंत्राने रेखांश मोजले गेले, तेव्हा दोन निरीक्षकांमधला हा फरक वेगळा मोजून हिशेबातून वजा केला जाई.

कोलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने बांधली ती मुख्यतः खगोलवेध आणि जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. पोर्ट्‌स्मथला १८२९ साली आणि ग्रिनिचला १८३३ साली जी तऱ्हा सुरू झाली ती मुंबई बंदरातही आली: उंच खांबावर चढवलेला मोठा गोळा ठरल्या क्षणी खाली सोडायचा आणि नाविकांनी त्यावर आपली घड्याळे लावायची. खरी वेळ गोळा तळाला टेकण्याची नव्हे, तर सुटण्याची धरत. नियम योग्य होता, कारण पडायला लागणारा वेळ घर्षणाने बदलतो, सुटण्याचा क्षण बदलत नाही. पण गुरुत्वाखाली सुरुवात फार संथ असते. मोकळा सुटलेला गोळा पहिल्या दशांश सेकंदात पाच सेंटिमीटरच सरकतो. एक किलोमीटरवरच्या जहाजातून साध्या डोळ्याला सुमारे तीस सेंटिमीटरपेक्षा लहान हालचाल जाणवणे कठीण, आणि तेवढे पडायला पाव सेकंद जातो. दुर्बिणीने हा उशीर कमी होतो, निरीक्षकाचा स्वतःचा उशीर तसाच राहतो. रेखांशाच्या हिशेबात पाव सेकंद म्हणजे विषुववृत्तावर शंभर मीटरहून अधिक.

विसाव्या शतकात प्रश्न उलटा विचारला गेला. माणसाला पडण्याची वेळ इतकी कमी कळते, तर विटीदांडू खेळणारे पोर हवेत उडवलेली विटी टोलवते कसे? अर्धा मीटर उडालेली विटी सुमारे ०.६५ सेकंदात पुन्हा खाली येते. डोळ्याने पाहिलेले हाताच्या स्नायूंपर्यंत पोहोचायलाच दीडदोन दशांश सेकंद लागतात. विटी दिसल्यावर हात हलवला तर टोला नेहमीच चुकायला हवा.

ब्रिटनमधील डेव्हिड ली याने १९८३ साली दाखवले की उडी मारून पडता चेंडू ठोकणारी माणसे वेगवाढीचा हिशेब करत नाहीत. डोळ्यातली चेंडूची प्रतिमा ज्या गतीने मोठी होते, तेवढ्यावर वेळ ठरवतात. इटलीतील फ्रान्चेस्को लाक्वानिती याचा अनुभव वेगळा होता. १९८९ च्या प्रयोगांत वेगवेगळ्या उंचीवरून पडणारा चेंडू झेलताना दंडाचे स्नायू आदळण्यापूर्वी सुमारे एक दशांश सेकंद आवळले गेले, उंची कितीही असो. वेगवाढ जणू आधीच हिशेबात धरलेली होती.

निवाडा करायला गुरुत्व नसलेली जागा हवी होती. १७ एप्रिल १९९८ रोजी ‘कोलंबिया’ यान मेंदूच्या अभ्यासासाठी सोळा दिवसांच्या फेरीवर गेले. त्यात अंतराळवीरांनी वरून स्प्रिंगने सोडलेला चेंडू झेलला. कक्षेत चेंडूचा वेग वाढत नाही. तो सुरुवातीच्या वेगानेच येतो. तरीही त्यांचे हात लवकर तयार झाले, पृथ्वीवर चेंडू वेग वाढवत जितक्या लवकर पोहोचला असता त्या बेताने. डोळ्यासमोर एकसारखा वेग होता, पण शरीर गुरुत्व धरून चालले होते. दिवस गेले तसा थोडा बदल झाला, पण सवय पूर्ण सुटली नाही. मॅकिन्टायर, झागो, बर्थोझ आणि लाक्वानिती यांनी हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले.

२००५ साली मेंदूच्या चित्रणातून पुढचा दुवा मिळाला. पडद्यावरचा चेंडू खरोखरीच्या गुरुत्वाप्रमाणे वरखाली जात असेल तेव्हा माणसे त्याची वेळ अधिक नेमकी साधत, आणि गती उलटी केली की चुकत. नेमक्या वेळी मेंदूचा जो भाग जागा होई, तो कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाशी जोडलेला आहे. माणूस झुकला, पडला, झोक्यावर बसला की याच इंद्रियाला गुरुत्व कळते. पुढील प्रयोगांत असेही दिसले की पडद्यावर नुसता ठिपका दाखवण्याऐवजी माणूस, झाडे, घर असे मोजमाप देणारे चित्र मागे असेल, तर खऱ्या गुरुत्वाने पडणाऱ्या चेंडूची वेळ अधिक चांगली साधते. मोकळ्या पडद्यावर ठिपका एक मीटर पडला की शंभर मीटर हे मेंदूला ठरवता येत नाही. चित्र असले की ते ठरते, आणि तोलाच्या इंद्रियाकडून आलेले गुरुत्वाचे माप त्याला लावता येते.